केशरला आणल्यानंतर

अमरावती
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुभद्रा,

तुला आणि ललितरावांना आशीर्वाद. त्यांचा दमा आता बराच आटोक्यात आहे असं तू परवा म्हणालीस, ऐकून बरं वाटलं. थंडी पडायला लागली आहे, सकाळी फिरायला जाताना त्यांना कानाला मफलर बांधायला सांग. माझे गुडघे ठीक. एवढं सगळं फोनवर सांगता येतं, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू मध्येच "जाऊ दे गं ताई" म्हणशील आणि मी लगेच जाऊ देईन. म्हणून लिहून राहिली आहे.

केशर बरी आहे. खाते, पाणी पिते. तिचा डावा कान मात्र थोडा फाटला आहे. जखम भरली, पण खाच राहील असं डॉक्टर म्हणाले. तू बघशील तेव्हा दचकू नकोस, म्हणून आधी सांगते.

पोळ्यानंतर ललितरावांच्या दम्यापायी तू तिला टोपलीत घालून माझ्याकडे आणलीस, तेव्हा दारातच मला समजावलं होतंस. निदान पंधरा दिवस वेगळ्या खोलीत ठेव, दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण दे, एकीचं अंथरूण दुसरीला हुंगू दे, मग हळूहळू दार उघड. मी काय म्हणाले आठवतं? "सुभे, तीस वर्षं मांजरी पाळून राहिली मी. मले नको शिकवू." तू डोळे पुसत होतीस, तरी हसलीस.

मागच्या खोलीत ठेवलं मी तिला. पण ती दिवसभर ओरडायची आणि बाहेर माझा बोका भुऱ्या दाराला नखं लावून बसायचा. आठवडाही झाला नव्हता. एका दुपारी कंटाळून मी दार सताड उघडलं. म्हटलं, भांडतील आणि गप्प होतील. भुऱ्याने तिला फ्रीजमागे कोंडलं. मी झाडू घेऊन त्याला हाकललं, तर केशरने घाबरून माझ्याच हाताला चावा घेतला. तिथून पुढे सगळं बिघडत गेलं. ती माझ्या गादीवर मुतायला लागली. आणि माझी म्हातारी मांजर चिंगी कपाटावर जाऊन बसली. ताटलीपाशी यायची, हुंगायची आणि तशीच परत फिरायची. चिंगी म्हणजे यांच्या मांडीवर वाढलेली. हे गेल्यापासून घरात माझ्याखेरीज त्यांना ओळखणारी ती एकच उरली आहे. तिला तसं बघून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

तुला मी दर रविवारी केशरचा फोटो पाठवत होते. दसऱ्यानंतरचे सगळे फोटो जुने आहेत. ती आली त्या दिवसांत मी भराभर काढून ठेवले होते, त्यातलेच. तू एकदा लिहिलं होतंस, "ताई, ही सारखी त्याच चादरीवर कशी बसते गं?" मी उत्तर दिलं, "तिला तीच आवडते."

सुभद्रा, त्या दिवसांत केशर माझ्या घरी नव्हती.

वरूडचे देवमनभाऊ आमच्या गल्लीत संत्री घेऊन येतात. त्यांच्या शेडमध्ये उंदीर फार झाले होते, एखादी मांजर पाहिजे म्हणाले. मी केशरला टोपलीत घातलं. मुकाट्याने बसली ती. तुझ्याकडे अकोल्याला निघालो असं वाटलं असेल तिला. देवमनभाऊंनी विचारलं, "कोनाची हाय बाई?" मी म्हणाले, "माझीच."

तुला कळवलं तर तू तिला परत नेशील आणि ललितरावांना पुन्हा धाप लागेल, असं मी माझ्या मनाला सांगत होते. ते खोटं आहे. मी एक फोन केला असता तर तू अकोल्यात कुणा मैत्रिणीकडे तिची सोय केली असतीस. मला जमलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. ते माझ्या तोंडून निघेना.

केशर गेली तरी चिंगी खाईना. शेवटी तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी तिचं तोंड उघडून बॅटरी मारली आणि मला वाकून बघायला लावलं. मागची दाढ किडली होती, हिरडी सुजून लाल झाली होती. "हे बऱ्याच दिवसांचं आहे," ते म्हणाले. "कशी खाणार ती?" दाढ काढली आणि दोन दिवसांत चिंगी ताटली चाटून पुसून खायला लागली. मी ओट्याला टेकून बघत उभी राहिले. केशरचा त्यात काही संबंधच नव्हता.

दुसऱ्याच दिवशी एसटीने वरूड गाठलं.

"थे त दोनच दिवस रायली, बाई," देवमनभाऊ म्हणाले. "ट्रॅक्टर आला का दडून बसे. मंग दिसलीच नाही."

मी संत्र्याच्या झाडांमधून हाका मारत फिरले. तोडणीची माणसं काम थांबवून बघत होती. संध्याकाळच्या गाडीने रिकामी टोपली घेऊन परतले. आणि त्या रविवारी तुला पुन्हा फोटो पाठवला.

दिवाळी तशीच गेली. फराळाच्या डब्यात तू केशरसाठी लोकरीचा चेंडू ठेवला होतास. त्या दिवशी मला फराळ गेला नाही.

गेल्या आठवड्यात देवमनभाऊंचा फोन आला. शेजारच्या शेडमध्ये क्रेटच्या थप्पीमागं एक पिवळी मांजर दिसते, तुमचीच का पाहून घ्या. मी गेले. तीच होती. हाडं वर आलेली, कान फाटलेला. मला बघून ती आणखी आत शिरली. दूध ठेवलं, नावाने हाका मारल्या, जमिनीवर फतकल घालून बसले. माझ्या आवाजाने ती मागेच सरकत होती. दुपार उलटली. मग मला काय सुचलं, मी मोबाइल काढला आणि तू दिवाळीत पाठवलेला तुझ्या आवाजातला निरोप लावला. "ताई, केशर कशी आहे गं? माझी आठवण काढते का?"

क्रेटमागे हालचाल झाली. मी पुन्हा लावला. पुन्हा लावला. तुझ्या तोंडून तो प्रश्न किती वेळा ऐकला कोण जाणे. ती पोटावर सरपटत बाहेर आली आणि मोबाइलला डोकं घासायला लागली. शेडमध्ये बायका संत्री निवडत होत्या, म्हणून तिथे सावरले. गाडीत रडले.

आता ती मागच्या खोलीत आहे. या वेळी तू सांगितलंस तसंच करते आहे. भुऱ्या दाराखालच्या फटीतून पंजा घालतो, काल ती त्याच्यावर फिस्कारली नाही. त्या दोघांचं जमेल असं वाटतं. पण मी खोलीतून बाहेर पडल्याशिवाय ती घास खात नाही. माझा हात जवळ आला की भिंतीला चिकटते. तिचं काही चुकत नाही.

पत्र मिळालं की ये. ललितरावांना झेपणार असेल तर तिला घेऊन जा, नाहीतर तुला पटेल असं घर शोधू. इथे ठेवावीशी वाटली तर तेही तूच ठरव, पण तिला बघून ठरव, माझं ऐकून नको. घराची किल्ली शेजारच्या प्राजक्ताकडे ठेवते. तू येशील तेव्हा मी घरात नसेन, समोरच्या देवळात बसेन. आधी तिला भेट. मग मला बोलवावंसं वाटलं तर बोलव.

जिच्या भरवशावर तू तिला सोडून गेलीस ती,
रमा