दाराच्या डाव्या हाताचा दिवा

तीर्थरूप म्बाक सुमिनी यांना,

ताई, तुमच्या धाकट्या भावाचा, तार्जोचा सलाम. तुमच्या गुडघ्यांवर डोकं टेकवलं आहे असं समजा, आणि पत्र वाचून होईपर्यंत ते तिथेच असू द्या, कारण मान वर करायला मला तोंड उरलेलं नाही. तुमचं कंबरेचं दुखणं कसं आहे? भाओजींचा खोकला थांबला का? क्लातेनला भात कापून झाला असेल. इकडे आम्ही सगळे मजेत. (हे वाक्य लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. लास्त्री बायको म्हणून माझ्याशी कामापुरतं बोलते आणि वेनिंग लेक असून तेवढंही नाही.)

त्याचं झालं असं, की दातांच्या डॉक्टरकडे ताटकळत असताना एक मासिक हाती लागलं. त्यात लिहिलं होतं, घरातल्या प्रत्येक जागेला तिचा स्वतःचा उजेड हवा. स्वयंपाकाला लख्ख, बैठकीला मऊ, निजायला मंद, आणि दाराशी बुटका, डोळ्यांत न खुपणारा. जन्मभर मी भूगोल शिकवला, सूर्य कुठे उगवतो ते हजार पोरांना सांगितलं, आणि माझ्याच घरात प्रत्येक खोलीत एक पांढरी ट्यूब, सगळ्यांची तोंडं तापातून उठल्यासारखी! दात राहिला बाजूला, मी तडक बाजार गाठला. त्यात रविवारी तुमच्या गल्लीतल्या बू हरवाती आपल्या बागससाठी वेनिंगला मागणी घालायला येणार होत्या. पोरगी आठ महिने सुराबायाला नोकरी करून नुकतीच परतली होती. दोघांचं आधीच जमलेलं, मोठ्यांनी तारीख ठरवायची तेवढी बाकी. लास्त्री आईकडे मागेलांगला गेलेली. (ती घरी असती तर हे पत्र लिहायची पाळी आली नसती, हे लिहायला तिनेच सांगितलं आहे.)

स्वयंपाकघरात ओट्याच्या डोक्यावर असा दिवा लावला, की आमच्या लग्नापासूनचं सगळं तेल भिंतीवर दिसायला लागलं. न्हाणीघरात आरशाच्या दोन्ही अंगांना दिवे लावले. सकाळी आत गेलो तर समोर एक म्हातारा, ‘कोण पाहिजे?’ असं विचारायच्या बेतात होतो. उशाशी मंद दिवा लावला, तर पंख फुटलेली वाळवी सहकुटुंब माझ्या कानात मुक्कामाला आली. बैठकीतली ट्यूब काढून कोपऱ्यांत दोन पिवळे दिवे ठेवले. शेजारचे पाक रजो कौतुकाने बघायला आले, त्यांनी तळलेलं केळं बशी समजून राखदाणीत ठेवलं, तिथूनच उचलून खाल्लं आणि (सभ्य गृहस्थ!) चव जरा निराळी आहे एवढंच म्हणाले. मी मात्र खूश. आपल्याला यातलं कळतं अशी माझी खात्रीच झाली होती.

राहता राहिलं दार. बुटका दिवा हवा, खुपायला नको, पावसात भिजायलाही नको. मी दाराच्या डाव्या हाताला खड्डा खणला, वायर पुरली, वर छोटा बल्ब बसवला आणि त्यावर भोकांचं मातीचं मडकं पालथं घातलं. संध्याकाळी पेटवला. भोकांतून काय सुंदर उजेड पडला म्हणून सांगू!

हसू नका, म्बाक. मुलगी झाली की आपल्याकडे जन्मताना पडलेली तिची वार मडक्यात घालून दाराच्या डाव्या हाताला पुरायची, वर मडकं पालथं घालायचं आणि आत महिनाभर दिवा तेवत ठेवायचा, हे मला काय ठाऊक नव्हतं? वेनिंगच्या वेळी मीच पुरली होती, याच हातांनी! पण मासिकात वारेचा उल्लेख नव्हता, आणि माझं डोकं त्या वेळी मासिकात होतं.

रविवारी सकाळी पायरीवर कोणीतरी काढ्याची बाटली आणि पावडरचा डबा ठेवून गेलं. वेनिंगला सर्दी झाली होती, मला वाटलं काढा तिच्यासाठी आणि पावडर माझ्या घामोळ्यांसाठी. काढा तिला पाजला, पावडर मी लावली. दिवेलागणीला बू हरवाती दिरांना घेऊन आल्या. फाटकातच थबकल्या. म्हणाल्या, हा दिवा कधी लावलात? मी छाती फुगवून म्हटलं, कालच! त्यांनी विचारलं, आम्हाला कळवलं नाहीत? मी म्हटलं, आलात की बघालच. त्या दिव्याला वळसा घालून आत आल्या. आत माझा मऊ उजेड. त्यात वेनिंग शाल गुंडाळून, शिंकत, भिंत धरत चहा घेऊन आली. बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, म्बाक! चहा तसाच ठेवून, तारखेचा शब्दही न काढता उठून गेल्या.

त्या जातात न जातात तोच पाक रजो आणि आणखी चौघे चटया, पत्ते घेऊन हजर. नव्या बाळाच्या घरी जागरणाला! बाळ कुठंय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कसलं बाळ? त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. मी दिव्याकडे पाहिलं आणि तेव्हा कळलं, काढा बाळंतिणीचा होता आणि पावडर बाळाची.

वेनिंग ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, “बापक, माझं लग्न बुडवलंत,” आणि खोलीत गेली.  म्हणून विनंती, बू हरवातींकडे जा आणि शपथेवर सांगा, की त्या दिव्याखाली वायरीशिवाय काही नाही. भाऊ गाढव आहे हेही सांगा, त्याला साक्षीदार लागतील तेवढे मिळतील.

तुमचा,
तार्जो

ता. क. पाकीट चिकटवणार तोच बागस स्वतः आला. आईने त्याला सगळं सांगितलं होतं आणि पठ्ठ्याने खरंखोटं न विचारता ठणकावलं होतं, “बाळ वेनिंगचं असेल, तर ते माझं. पुन्हा विषय नको.” वेनिंगने आधी त्याला फैलावर घेतलं (माझ्याबद्दल असं वाटलंच कसं तुला?), मग ढसाढसा रडली, मग माझ्या वाटणीची कोंबडी त्याला वाढली. म्बाक, मीही रडलो. असा जावई मी दिवे लावून शोधला असता तरी मिळाला नसता.

ता. क. २. तेव्हा लग्न बुडत नाही. पण पोराचं बोलणं ऐकून बू हरवातींचा समज झाला, की बाळ खरोखरच त्याचं. त्यांनी त्याला झाडूने बडवलं, मग रडल्या, मग बाजारात जाऊन पाळणा आणला. टोपडी शिवताहेत, म्हणे. येत्या रविवारी नातीला बघायला यायच्या आहेत. आईला खरं सांगायचा बागसला धीर होत नाही, मला तर नाहीच नाही. म्हणून विनंती तीच आहे, शब्दही तेच, फक्त शपथ जरा हळू घ्या. त्यांना आधी खाली बसवा, पाणी द्या, मग सांगा. बाळ नव्हतंच हे खरं, पण ती बाई चार दिवस आजी होऊन बसली आहे.