खुंटीवरची छत्री

आई, परवा घराला रंग देताना रंगाऱ्याने विचारलं, "बाई, ही छत्री काढू का?" मी नको म्हटलं. छत्रीमागे भिंतीचा तेवढा तुकडा जुन्याच रंगाचा राहिला आहे, आणि तो चांगलाच दिसतो.

मी कोळंबीच्या कंपनीत होते तेव्हाची गोष्ट. माल जपानला जायचा, म्हणून जहाजावरून निवृत्त झालेल्या एका सरांकडे मी जपानी शिकत होते. दुसऱ्या वर्षी एक वाक्यरचना आली. कोणीतरी मुद्दाम काही करून ठेवलं आहे आणि ते अजून तसंच आहे, हे सांगायची. सर म्हणाले, "घरातली वाक्यं करून आणा." मी स्वयंपाकघरात पाटावर बसून लिहिते आहे, तू कोकमाची सोलं निवडते आहेस. "पाणी भरून ठेवलं आहे." "दार उघडून ठेवलं आहे." मग माजघरातल्या खुंटीकडे नजर गेली. "कासा गा काकेते आरु." तू वर पाहिलंस. "म्हणजे काय गो?" "छत्री टांगून ठेवली आहे." "कोणी, ते सांगतात त्यात?" "नाही. कोणीतरी मुद्दाम ठेवली, एवढंच कळतं." "बरी आहे भाषा," तू म्हणालीस, "नसत्या चौकशा करत नाही."

बाबांचं जहाज परत आलं नाही, त्याला तेव्हा बारा वर्षं झाली होती. त्याच सुमारास लांज्याहून काका आले. "वयनी, बारा वर्सं झाली. दर्भाचा पुतळा करूया नि अग्नी देऊया. पोरीचं लगीन करायचं हाय ना?" तुझं कुंकू जाणार होतं त्यात. तू कप पुढे केलास. "चाय घ्या, भावोजी. नि जरा सरकून बसा, तुमचं डोकं त्यांच्या छत्रीला लागतंय." काकांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मी काकांच्या बाजूची होते. आजही वाटतं, विधी व्हायला हवा होता. अर्धवट ठेवलेलं मला सोसत नाही.

तू गेलीस तेव्हा शेजारच्या काकू दोन लुगडी घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या, एक हिरवं, एक पांढरं. सवाष्ण म्हणून तुला न्यायचं की नाही, हे माझ्यावर आलं. मी "हिरवं" म्हटलं आणि ओटी भरायला लावली. मला पटलं म्हणून नाही, तुला हवं होतं म्हणून.

हा कागद कुठे जाणार नाही, म्हणून सांगते. छत्री टाकून द्यायची म्हणून मी दोनदा खाली काढली. दोन्ही वेळा पुसली आणि परत तिथेच टांगली. कोणी टांगली, हे घरात कोणी विचारत नाही.