मेलेला म्हणू नका

अब्बा, सलाम.

उरुसात ह्यांनी चादर चढवायला नकार दिला आणि तुम्ही, दर्ग्याचे मुजावर, सगळ्या गडहिंग्लजपुढं म्हणालात, "माझा मुलगा मेला." मरायला टेकले होते ते आधी, दारूनं. तेव्हा गावोगाव फिरून धर्म शिकवणाऱ्या जमातीची माणसंच आमच्या दारात आली. शंभर वर्षांपूर्वी मेवातात एका मौलानांनी हेच सुरू केलं म्हणे: दारोदार जायचं, नमाज शिकवायची. बिछाना घेऊन जमातीबरोबर गेलेला माणूस शुद्धीत परत आला. त्याला मेलेला म्हटलेलं मी ऐकून घेणार न्हाय.

पण ह्यांचंही सगळं मी ऐकत न्हाय. "अल्लाह सोडून दर्ग्यात मागणं पाप हाय, आणि बाईनं नोकरी कशाला?" म्हणाले. मी म्हटलं, "नमाज तुमच्याबरोबर पढते. इथली राजारामपुरीतल्या दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडणार न्हाय. अब्बांच्या दर्ग्यातही जाणार." बरेच दिवस मी बसनं गेले. मग एका सकाळी ह्यांनी स्वतःच मला गाडीवरनं दवाखान्यात सोडलं.

हे पत्र टाकत न्हाय. शुक्रवारी त्यांनाच घेऊन येते आणि तोंडावर बोलते. ते चादर चढवणार न्हाईत, तुम्ही सांगायचं न्हाय. जेवायला मात्र बापलेकांनी एका ताटात बसायचं. वाढणार मी हाय.

तुमची सून,
दिलशाद