सोमवारचा रस्सा

लिव्हरपूल, बुधवार, १२ मे १९१५

प्रिय बाबा,

सोमवारी तिसरी वीट दुकानात आली तेव्हा आई काउंटर पुसत होती. काच तिच्या फडक्यावर पडली, ती काचेसकट पुसत राहिली. मी ओरडले, "आई, मागे हो!" ती हलली नाही. शटर लावायला सकाळी तिनेच नको म्हटलं होतं. "लावलं की आपण भ्यालो असं होतं," म्हणाली होती.

तुमची तब्येत बरी असेल. लोकरीचे मोजे मिळाले का? आम्ही दोघी जिवंत आहोत. जर्मन चर्चच्या हॉलमध्ये आणखी अकरा कुटुंबांबरोबर राहतोय, जेवण मिळतंय. हे आधी लिहायला हवं होतं. राहून गेलं.

जर्मन पाणबुडीने ते मोठं जहाज बुडवल्याचं तुमच्या कैदछावणीत कळलंच असेल. त्याच्या भट्ट्यांत कोळसा टाकणारे निम्मे लोक आपल्या वस्तीतले. शनिवारपासून एकेक जर्मन दुकान फुटत होतं. आईने तरी सोमवारी चुलाण पेटवलं. "मिठात मुरलेलं मांस वर्तमानपत्र वाचत नाही." म्हणून मागच्या खोलीत सॉसेज उकळत होते, तांब्याचा हंडा रश्श्याने काठोकाठ भरलेला होता, आणि बाहेर दोनशे माणसं होती.

सगळ्यात पुढे फ्रँक डूलन. कोळशाची गाडी हाकतो तो, आपल्याकडून डुकराचे पाय न्यायचा. त्याचा भाऊ त्या जहाजावर होता. डूलन ओरडत नव्हता. नुसत्या विटा फेकत होता, एकामागून एक, कामाला लागल्यासारखा. ओरडत होत्या त्या बायका. "ए कैसरच्या मेव्हणी, बाहेर ये! डुकरं कापून पोट भरलं नाही, म्हणून आमची पोरं बुडवलीत?"

खिडकी पडली आणि ते आत शिरले. खिमा करायचं यंत्र उचलून रस्त्यावर आपटलं. वरच्या मजल्यावरून तुमची गादी फाडून पिसं उडवली. एकाने आईचे केस धरून तिच्या तोंडात कच्चं काळीज कोंबलं. "खा. माशांनी आमची माणसं खाल्ली, तू हे खा." तिची भुवई काचेने फाटली होती आणि रक्त त्या काळजावर गळत होतं. समोरची प्यूबाई हुकावरच्या सॉसेजच्या माळा काढत होती. आईला म्हणाली, "रागावू नकोस रोझी. कुणीतरी नेणारच, मग मीच नेते." सॉसेज उकळल्या दिवशी रस्सा शेजाऱ्यांना फुकट द्यायचा, ही तुमच्या गावची रीत. तो रस्सा न्यायला प्यूबाई दर सोमवारी जो कटोरा आणायची, तोच तिच्या हातात होता. बऱ्याच जणींच्या हातात आपापला कटोरा होता.

ह्या गडबडीत शेजारची ब्रिजीमावशी भाजली. ती हॉस्पिटलात आहे.

मांजर सापडलं नाही. हाडं कापायची तुमची करवत मी स्कर्टखाली लपवून आणली, ती सुखरूप आहे. आईच्या भुवईला चार टाके पडले.

ब्रिजीमावशीबद्दल मी एवढंच लिहिणार होते.

पोलीस आले तेव्हा ती दुकानामागच्या अंगणात फरशीवर पडलेली होती आणि डूलन तिच्यावर नळाचं पाणी ओतत होता. किंकाळी ऐकून तोच आधी धावला. तिचे उकळत्या रश्श्याने भिजलेले कपडे त्याने ओढून काढले, त्यात त्याचे हात कोपरापर्यंत सोलले. हवालदाराने विचारलं, "कुणी केलं हे?" आई दारात उभी होती. तिला इंग्रजी धड येत नाही, पण हे आलं. तिने बोट दाखवलं. "ह्याने."

डूलनने माझ्याकडे पाहिलं. "सांग की गं त्यांना," तो म्हणाला. "तू तरी सांग."

मी आईच्या भुवईवर फडकं दाबत राहिले.

परवा तो कोर्टात उभा राहील. विटांसाठी काही महिने मिळतील. भाजण्यासाठी काही वर्षं. मावशीचा डावा डोळा गेला. उजव्याचं डॉक्टर अजून बोलत नाहीत.

बाबा, रस्सा मी फेकला.

दुकानात ते आईला ओढत होते. मी मागच्या खोलीत हंड्यातून बादली भरली, ती त्यांच्यासाठीच. तेवढ्यात अंगणाच्या दाराची कडी हलली. दार उघडलं आणि मी फेकली. आईला मी सांगितलं की मला वाटलं, तेच लोक मागून आले. ती म्हणते, "असंच झालं. आणि ते कुणाला कळायची गरज नाही. तू इथे जन्मलीस म्हणून मला राहू दिलंय; तू तुरुंगात गेलीस तर मला जर्मनीच्या पुढच्या बोटीला बसवतील. वीस वर्षांनी मी कुणाच्या दारात जाऊन उभी राहू? डूलनने आपलं घर मोडलं. कशाची तरी शिक्षा भोगायचीच आहे त्याला."

काल हॉस्पिटलात गेले. मावशीचं तोंड पूर्ण पट्ट्यांत आहे, ओठ तेवढे उघडे.

"कोण?"

"लिना."

तिने माझ्या दिशेने मान वळवली. मग म्हणाली, "पोलिसाला मी सांगितलंय, कोण होतं ते दिसलं नाही. खोटं नाही ते. काहीच दिसलं नाही."

मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "माझा आवाज एवढा बदललाय का गं?"

"गलका फार होता, मावशी."

"हो. असेल."

गलका होता. पण दार उघडण्याआधी ती बोलली होती. "लिना, मी आहे गं, ब्रिजी." मी ऐकलं. हा आवाज मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय. ऐकून मला वाटलं, तूही आलीस. प्यूबाईसारखी, कटोरा घेऊन. हे वाटायला आणि बादली उचलायला मध्ये वेळ होता, बाबा. थोडा होता, पण होता.

तिच्याकडे कटोरा नव्हता. काखेत दोन काळ्या शाली होत्या. आम्हाला डोक्यावरून पांघरून, तिच्या बहिणी म्हणून, तिच्या घरातून पलीकडच्या गल्लीत काढायला आणलेल्या. पोलिसांनी मावशीला त्यातल्याच एकीत गुंडाळून नेलं.

हे पत्र तुमच्याआधी छावणीतला अधिकारी वाचतो, हे मला माहीत आहे. म्हणून इंग्रजीत लिहिलंय, आणि सुवाच्य. पण पत्र पोचायला आठवडा लागतो आणि डूलन परवा उभा राहील. तेव्हा ते आधी दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्यावं लागेल. आईला सांगितलेलं नाही. ती शेजारी झोपली आहे, हात माझ्या बाहीला धरून.

तुम्हाला राग आला तर तसं लिहा. हवामानाबद्दल लिहू नका.

तुमची मुलगी,
कारोलिना रोझिना हाग, वय एकोणीस

गुरुवार, १३ मे. सकाळी आठला पत्र पोलीस ठाण्यात नेलं. सार्जंटने दोनदा वाचलं. भाजल्याचा आरोप डूलनवरून काढला, विटांचा राहिला. मला तिथेच बसवून ठेवलं. नऊच्या सुमारास दोन शिपाई चर्चच्या हॉलवर गेले आणि डूलनकडे खोटं बोट दाखवल्याबद्दल आईला घेऊन आले.