चोरओटी

सासूबाई,

आज दुपारी माझी चोरओटी भरायला तुम्ही ज्या बायका बोलावल्यात, त्यांना येऊ नका म्हणून कळवा. मला दिवस गेलेले नाहीत.

उलट्या, चक्कर, घाम, हे सगळं गोळ्या कमी केल्यामुळे होतंय. मागं यांनी मला नागपूरला नेलं होतं ते कंबरेसाठी नव्हतं. बाळ गेल्यापासून मन ठिकाणावर नव्हतं, त्याच्या त्या गोळ्या. आता डॉक्टरांनी अर्धी अर्धी करत सोडायला सांगितलंय, तर अंगच ऐकत नाही. परवा तुम्ही दिलेली काचेची वाटी मी भिरकावली, तीही त्याच पायी. तुम्ही मात्र डोहाळे म्हणून हसलात आणि काच वेचलीत.

पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, "काहून लपवून राह्यली वं पोरी?" तेव्हाच सांगायला हवं होतं. पण वेडाच्या गोळ्या खाणारी सून म्हणवून घेण्यापेक्षा मान खाली घालून गप्प बसणं सोपं वाटलं. तुम्हाला वाटलं, मी लाजले. यांना रागावू नका, कुणाला सांगू नये म्हणून मीच त्यांना शपथ घातली होती.

बायकांसमोर उभं राहायची हिंमत नाही, म्हणून सकाळच्या मोटारीनं बाभुळगावला माहेरी जाते. तुम्ही देवळातून याल तोवर दूध निवलेलं असेल, विरजण तेवढं लावा.

ओटीचा खण पेटीत ठेवून द्या. डोहाळे समजून तुम्ही वाढत होतात त्या कवठाच्या चटणीनं मळमळ खरंच थांबते, तेवढं खोटं नव्हतं. परत आल्यावरही वाढाल का?

रजनी