मामांच्या वतीने हजेरी

तीर्थरूप मामांस,

तुमच्या थोरल्या बहिणीच्या, एका जागी बूड न टिकणाऱ्या चिरंजीवाचा साष्टांग नमस्कार. (घातला असं समजा. आशीर्वाद द्यायला उठू नका, कंबर सांभाळा.) मी इथे मजेत आहे. तुमची प्रकृती कशी आहे? पत्रात विचारायची रीत असते म्हणून विचारत नाही, या वेळी मला मनापासून जाणून घ्यायचं आहे. फक्त उत्तर मला एकट्यालाच कळवा, चारचौघांत बोलू नका. फोनच केला असता, पण तुम्ही फोनवर वाक्य पुरं होऊ देत नाही, आणि हे वाक्य लांब आहे.

तर तुमच्या बॅचच्या पंचवीस वर्षांच्या स्नेहमेळाव्याला तुमच्या वतीने जाऊन आलो. बॅग उचलताना तुमच्या कमरेत उसण भरली तेव्हा मामी म्हणाली, घरातून एक तरी माणूस गेलाच पाहिजे, आणि तुमच्या विद्यापीठाच्या गावात आपल्या घरातला मीच एकटा. आपल्याकडे ही पद्धतच आहे. (दादाला ताप आला तेव्हा त्याच्या नोकरीच्या मुलाखतीला बाबा गेले होते. निवड झाली होती, पण बाबांनीच पगार कमी म्हणून नकार दिला.) शिवाय तुम्ही बजावलं होतं, तिथे आमचा वर्गमित्र बोका भेटेल, त्याचा प्लास्टिकच्या खुर्च्यांचा कारखाना आहे, त्याला चिकट, ही माझी शेवटची शिफारस, इथेही टिकला नाहीस तर माझ्या दारात उभा राहू नकोस. पेट्रोल पंप, लॉन्ड्री आणि गोदाम या तिन्ही ठिकाणी तुमचीच शिफारस असल्यामुळे मी हे मनाला लावून घेतलं.

मेळाव्याची तयारी तुम्ही ग्रुपवर पाहिलीच असेल. आठ महिने नुसती टी-शर्टच्या रंगावर चर्चा. एवढी शिकलेली माणसं, पण आकाशी आणि फिका निळा यांत दोन तट पडून एक डॉक्टरीणबाई ग्रुप सोडून गेल्या आणि मनधरणी झाल्यावर परत आल्या. शेवटी शर्ट शिवले पांढरे. त्यातही गंमत अशी, की माप विचारल्यावर सगळ्यांनी आपापलं कॉलेजातलं माप सांगितलं. (तुम्हीसुद्धा, मामा.) त्यामुळे त्या हॉलमध्ये शर्ट नीट बसलेला मी एकटाच होतो. बाकीचे दिवसभर पोट आत घेऊन एकमेकांना म्हणत होते, तू अगदी तसाच आहेस!

दाराशी टेबल मांडून त्याच डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. मी म्हटलं, मी बॅचचा नाही, मामांच्या वतीने आलोय. एवढंच म्हटलं, मामा, आईशप्पथ. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि फोनवर कुणाला तरी घाईघाईने काहीतरी लिहिलं. मग माझा हात दोन्ही हातांत धरून त्यांनी मला थेट पहिल्या रांगेत नेलं. गादीची खुर्ची, वेगळी पाण्याची बाटली. माझ्या डावीकडे एक पांढऱ्या केसांच्या बाई, उजवीकडे माझ्याच वयाचा एक मुलगा, दोघेही कुणाच्या तरी वतीने आलेले. मला वाटलं, काय मान आहे आपल्या मामांचा! मागे वळून चार जणांकडे बघून हसलोसुद्धा. ते हसले नाहीत.

दिवे मंद झाले आणि पडद्यावर फोटो यायला लागले. पहिला त्या बाईंच्या यजमानांचा. दुसरा त्या मुलाच्या आईचा. खाली जन्माचं साल, शेजारी दुसरं साल. मी खुर्चीतून उठायला लागलो, पण तोवर तिसरे तुम्ही आला होता. तुमचा ग्रुपवरचा तोच विमा एजंटवाला फोटो, कंपनीची छत्री धरून हसताना. घाईत खालचा मजकूर कापायचा राहिला होता: ‘आजच संपर्क साधा.’

मी ओरडणारच होतो. पण सगळा हॉल दोन मिनिटांच्या शांततेला उभा राहिला, आणि शांततेत ओरडायचं कसं हे मला कुणी शिकवलेलं नाही. शांतता संपली तर भाषणं सुरू. आता मामा, तुम्ही उसण भरल्याचं आणि भाचा येत असल्याचं ग्रुपवर रीतसर लिहिलं होतं, मलाही पाठवलं होतं. पण कुणीच बघितलं नाही, कारण पॉलिसीच्या निरोपांना कंटाळून सगळ्यांनी तुम्हाला म्यूट केलं होतं. हे मी म्हणत नाही, बोकासाहेब माइकवर रडत रडत म्हणाले, “मी त्याला तीन वर्षं म्यूट करून ठेवला रे! तो बिचारा सांगत होता, आयुष्याचा भरवसा नाही, आणि मी म्हणत होतो, पुढच्या महिन्यात बघू!” मग जो तो उठून तुमच्याबद्दल बोलायला लागला. तुम्ही हुशार होता, दिलदार होता, गायचासुद्धा. (हे खरं असेल तर मामीपासून लपवलंत का?) विद्यापीठाची पायरी चढलेला आपल्या घरातला मी दुसरा माणूस, आणि पहिला हयात नाही असं एकमताने ठरलं.

जेवताना खरं सांगायचं मी पक्कं केलं होतं. पण तोंड उघडायच्या आत बोकासाहेबांनी माझ्या ताटात वाढत विचारलं, “तू काय करतोस, बाळा?” मी म्हटलं, सध्या काही नाही. ते म्हणाले, “सोमवारी कारखान्यात ये. सुपरवायझर. त्याच्या भाच्यासाठी एवढं तरी करू दे मला.” मामा, मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी खुर्ची दिली, आणि तीसुद्धा शंभर माणसं खुर्च्या बनवतात तिथे. मी तोंड मिटलं ते अजून मिटलेलंच आहे. आज अकरावा दिवस, रोज वेळेवर जातो आणि पळून जावंसं वाटलेलं नाही. (आईला हे वाक्य दोनदा वाचून दाखवा.)

मामीला नमस्कार. आईला सांगा, जेवतो वेळेवर.

तुमचा आज्ञाधारक (या वेळी खरंच) भाचा

ता. क. नोकरी सहा महिने कच्ची, मग पक्की. तेवढे सहा महिने तुम्ही आहात तसेच राहावं ही विनंती. म्हणजे त्यांच्या दृष्टीने.

ता. क. २. ग्रुपवर रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवणं बंद करा. मेळाव्यानंतर सगळ्यांनी म्यूट काढलं आणि दुसऱ्याच सकाळी तुमचं ‘शुभ प्रभात’ आलं. डॉक्टरीणबाईंना घाम फुटला. मामी तुमची प्रथा पुढे चालवतेय असं मी सांगितलं. एकाच दिवसात तुम्हाला चाळीस जणांनी हात जोडले, पूर्वी कधी जोडले होते?

ता. क. ३. बोकासाहेब आणि आणखी तिघे या रविवारी मामीच्या सांत्वनाला येताहेत. चौघांनाही तुमच्या स्मरणार्थ पॉलिसी काढायची आहे. मामीने फॉर्म काढून ठेवावेत आणि तुम्ही मागच्या दाराने आईकडे जावं.

ता. क. ४. हे पोस्टाच्या खिडकीशी उभं राहून लिहितोय. आतल्या बाई म्हणतात, पत्र सोमवारच्या आत पोचणार नाही. म्हणून घाबरून आत्ताच फोन लावला. तो आवाज न करणारा फोन माझाच. तुमचा “हॅलो, कोण बोलतंय?” ऐकून इतकं बरं वाटलं (इतके दिवस सगळे इतकं गहिवरून बोलताहेत, की मलाच धाकधूक लागली होती), की पुढे बोलवेना, ठेवला. तेव्हा रविवारी दार तुम्हीच उघडलं असेल, तर झालं ते झालं. बोकासाहेब शुद्धीवर आल्यावर त्यांना एवढंच सांगा, की भाचा कामाला चांगला आहे.