पूर्वेकडचे अर्धे कोर्ट

८ जानेवारी, सोमवार

आजपासून नियमित नोंदी ठेवण्याचा संकल्प. बास्केटबॉलचे प्रशिक्षण ही तर्काधिष्ठित प्रक्रिया आहे. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला ती अवघड जाण्याचे कारण नाही.

वस्तुस्थिती अशी. प्रजासत्ताकदिनी, झेंडावंदनानंतर, महाविद्यालयाच्या कोर्टावर सामना. एका बाजूला माझा मुलींचा संघ, दुसऱ्या बाजूला आरजूचा. जो जिंकेल तो अंबाजोगाईतर्फे बीडला जिल्हा स्पर्धेत जाईल. आजवर दरवर्षी माझाच संघ गेला. दुसरा संघ नव्हता, हा मुद्दा गौण आहे.

आरजू माझीच माजी खेळाडू. बी.पी.एड. करून गेल्या उन्हाळ्यात परतली आणि दिवाळीनंतर तिने स्वतःचा गट काढला. कोर्ट अर्धे-अर्धे वाटण्यात आले. लिंबाचे झाड आणि सिमेंटची पायरी असलेले पूर्वेकडचे अर्धे मी स्वतः होऊन तिला दिले. कारण केवळ उन्हाचे. शिपाई आश्रुबा म्हणाला की संध्याकाळचं ऊन तर पश्चिमेच्याच पोरींच्या डोळ्यांत जातं. आश्रुबाचे दिशाज्ञान बेताचे आहे.

त्या पायरीवर सौ. (दुरुस्ती : कै. सौ.) मनकर्णा रोज संध्याकाळी शेंगा सोलत बसे. डॉक्टरांनी चालायला सांगितले होते. ती कोर्टापर्यंत चाले आणि बसे. खेळातले तिला काही कळत नसे. मी कसा शिकवतो हे पाहण्यात तिला गोडी होती.

उपस्थिती : माझ्याकडे नऊ, आरजूकडे सात. आरजूची शिट्टी नवीन आहे. कुठून घेतली याची चौकशी केली नाही.

१० जानेवारी, बुधवार

मुलींना परिभाषा दिली. पास म्हणजे संक्रमण. ड्रिबल म्हणजे ताडन. रिबाउंड म्हणजे प्रत्यागत. उसन्या शब्दांनी विचारही उसना होतो.

प्रत्यक्ष वापरात किरकोळ अडचण. "आरोही, प्रत्यागत कंदुकाचे ग्रहण कर" हे वाक्य पूर्ण होईपर्यंत प्रत्यागत कंदुक हाफिजाच्या कपाळावर आदळला. आरोही माझी कर्णधार, उंच आणि समंजस. ती म्हणाली की सर, तुमचं बरोबर हाय, पण तुमचं समजस्तोवर बॉल निघून जातो. तिला सांगितले की चूक बॉलची आहे.

एक निरीक्षण. पूर्वी मी सूचना देत असताना मुली माझ्या खांद्यापलीकडे टक लावून पाहत. एकाग्रतेचे ते उत्तम लक्षण होते. हल्ली त्या सरळ माझ्याकडे पाहतात आणि चुकतात.

११ जानेवारी, गुरुवार. वेळा अमावस्या

कोर्टावर कोणी नाही. सगळे गाव शेतात आंबील आणि भज्जी खायला गेलेले. आरोहीच्या वडिलांनी धारूर रस्त्याच्या त्यांच्या शेतावर बोलावले होते. सामना तोंडावर असताना पंगतीला जाणे मला प्रशस्त वाटले नाही. एकट्याने सराव केला. चेंडू आणायला दर वेळी स्वतःलाच जावे लागले.

संध्याकाळी आश्रुबाने कळवले की आरजू त्याच शेतावर होती. दोन्ही संघांच्या मुली तिच्यासोबत. पंगतही तिनेच वाढली. माझ्या संघालासुद्धा! हे पूर्णतः अनधिकृत आहे. तिने माझ्यासाठी तांब्याभर आंबील पाठवली होती.

आंबट निघाली. तरी संपवली.

१३ जानेवारी, शनिवार

आरजूच्या बाजूने विचित्र आरडाओरडा. 'पास' ऐवजी "वाढ!" अशी हाक. चेंडू घेऊन येणारीला "वाढपी" म्हणतात. चेंडू धरून ठेवणारीला "ताट धरून बसू नको." आणि आरजू स्वतः, प्रशिक्षित पदवीधर, कंबरेवर हात ठेवून ओरडते, "वाढपी एका ताटापुढं थांबत न्हाई. वाढ अन् पुढं सरक."

क्रीडांगण हे स्वयंपाकघर नव्हे, असे तिला सुनावावे असे वाटले. सुनावले नाही, कारण त्या वेळी चेंडू चौघींच्या हातांतून फिरून एकदाही जमिनीला न लागता जाळीत गेला. वेग म्हणजे गुणवत्ता नव्हे.

माझ्याकडे आज सहा. संघ आटोपशीर होत आहे.

१५ जानेवारी, संक्रांत

सगळ्या मुलींनी तिळगूळ दिला. आरजूनेही. तिचा लाडू सर्वांत मोठा होता. मोठेपणा दाखवण्याची एकही संधी ही मुलगी सोडत नाही.

उपस्थिती चार. आश्रुबा म्हणाला, "सर, आज कॅरम हाय का?" छोट्या गटात वैयक्तिक लक्ष देता येते, हे शिक्षणशास्त्रात मान्य झालेले तत्त्व आहे.

१६ जानेवारी, मंगळवार

आरोहीच्या आईने आरजूसाठी भाकरी आणि ठेचा पाठवला. पूर्वी असे डबे आमच्या घरी येत. मनकर्णा ते रिकामे परत करीत नसे. माझ्याकडे आलेले शेवटचे दोन डबे अजून ओट्यावर आहेत. त्यांत काय घालून परत करायचे असते, हे ठरायचे आहे.

आरजूने भाकरी पायरीवर बसून खाल्ली. पायरीवर. मी मध्यरेषा ओलांडून तिकडे गेलो, ही जागा राखीव आहे असे स्पष्ट सांगण्यासाठी. प्रत्यक्षात तोंडून निघाले की तुझ्या बुटाची नाडी सुटली आहे. सुटली नव्हती. तरी तिने खाली वाकून पुन्हा बांधली.

परत येताना लक्षात आले की मुली तिला 'ताई' म्हणतात. मला 'सर' म्हणतात. 'सर' हा शब्द अधिक सन्मानाचा आहे. पोस्टमनही मला 'सर'च म्हणतो.

१७ जानेवारी, बुधवार

प्रतिस्पर्ध्याच्या पद्धतीतील ग्राह्य अंश स्वीकारणे यात कमीपणा नाही. मात्र भाषेची पातळी राखली पाहिजे. म्हणून आजपासून माझ्या संघात चेंडू देताना "परिवेषण!" अशी हाक द्यावी, असे जाहीर केले. वाढण्यासाठी हाच शुद्ध शब्द आहे.

हाफिजा पोट धरून कोर्टावर बसली. सत्यशीला, जी एरवी हसत नाही, नळावर तोंड धुवायला गेली आणि बराच वेळ आली नाही. पूर्वेकडे खेळ थांबला होता. आरजू पाठमोरी उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. मत्सर लपवताना माणसाचे असे होते.

१८ जानेवारी, गुरुवार

शिस्तीचा विजय. बरोबर पाच मुली हजर. त्यांत सोडून गेलेल्या दोघीही.

१९ जानेवारी, शुक्रवार

पुन्हा पाच. कालच्याच नव्हेत. काल होती ती सत्यशीला आज आरजूकडे, आणि आरजूकडची एक माझ्याकडे. निष्कर्ष स्पष्ट आहे. तिच्या मुली आळीपाळीने, बहुधा तिची नजर चुकवून, माझ्याकडे शिकायला येऊ लागल्या आहेत. तिला दुःख होईल असे काही बोलायचे नाही, असे ठरवले. मनाचा मोठेपणा आपल्याकडून दिसला पाहिजे.

२० जानेवारी, शनिवार

पाच. मध्यरेषेजवळ दोघी भांडत होत्या. एक म्हणत होती, "आज माझा नंबर न्हाई, तुझा हाय." दुसरी म्हणाली की परवाच तर झाला माझा. कारण तत्काळ ध्यानात आले. मुलींना जर्सीवर क्रमांक हवे आहेत आणि त्यावरून स्पर्धा आहे. माझ्या संघात येण्याची किती ही चढाओढ!

बाजारात जाऊन पाच जर्सी शिवायला टाकल्या. आरजूच्या मुली साध्या टी-शर्टवर खेळतात.

२३ जानेवारी, मंगळवार

जर्सी वाटल्या. क्रमांक ज्येष्ठतेनुसार. सातचा आरोहीला.

अपेक्षित आनंद दिसला नाही. मुलींनी एकमेकींकडे पाहिले. आरोहीने विचारले की सर, ह्या घरी न्यायच्या, का इथंच ठेवायच्या? म्हटले, घरी ने, ही तुझी आहे. ती म्हणाली की मग उद्या कसं करायचं? प्रश्नाचा रोख कळला नाही.

२४ जानेवारी, बुधवार

सात क्रमांकाची जर्सी आज हाफिजाच्या अंगात होती आणि गुडघ्यापर्यंत आली होती. कापड धुतल्यावर सैल पडले असावे. शिंप्याशी बोलणे.

२५ जानेवारी, गुरुवार

उद्याची व्यूहरचना निश्चित. मनकर्णाच्या तसबिरीसमोर उभे राहून ती क्रमाने समजावून सांगितली. तिने नेहमीसारखे शांतपणे ऐकून घेतले.

विजयानंतरचे भाषण तयार आहे. त्यात आरजूचा उल्लेख 'माझी विद्यार्थिनी' असा दोन वेळा येतो.

२६ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळ

लिहिण्याची इच्छा नाही. पण संकल्प आहे.

ध्वजारोहणानंतर सामना सुरू झाला. बरेच पालक, निम्मे महाविद्यालय, चुरमुऱ्यांच्या पुड्या घेतलेली पोरे. मध्यंतराला आम्ही मागे होतो. किती, ते फलकावर होते.

माझ्या मुली सुरुवातीला "परिवेषण" म्हणाल्या. पिछाडी वाढली तशा त्यांच्याही तोंडून "वाढ, वाढ" निघू लागले. आता कोर्टावरच्या दहाही जणी एकच शब्द ओरडत होत्या आणि माझा संघ कोणता ते केवळ जर्सीमुळे समजत होते.

उत्तरार्धात सत्यशीलाचा पाय मुरगळला. माझ्याकडे राखीव खेळाडू नव्हता. तेव्हा आरजूच्या बाकावरून हाफिजा उठली, मध्यरेषा ओलांडून सरळ माझ्याकडे आली आणि सत्यशीलाच्या अंगातली जर्सी मागू लागली. मी पंचांकडे हरकत नोंदवली. ही प्रतिस्पर्धी संघाची खेळाडू आहे.

हाफिजा म्हणाली, "सर, तसंबी आज माझाच नंबर होता. सत्याला कावून पाठवलं, काय म्हाईत."

कसला नंबर, असे मी विचारले. पालक चुरमुरे खायचे थांबले. शेवटी आरोही धापा टाकत पुढे आली.

"काकू म्हनल्या होत्या, सर. सरांची पंगत रिकामी पडू देऊ नका, पाच ताटं तर मांडायचीच. म्हणून आमी नंबर लावले. रोज पाचजणी तुमच्याकडं."

काकूंनी हे कोणाला सांगितले, असे विचारले. आरोहीने आरजूकडे पाहिले.

आरजू कोर्ट ओलांडून आली. तिने हळू आवाजात जे सांगितले ते असे. गेल्या श्रावणात मनकर्णा दवाखान्यात असताना मी रोज सकाळी आंघोळीसाठी घरी जात असे. त्या वेळात आरजू तिच्याजवळ बसे. हे मला ठाऊक नव्हते. मनकर्णा तिच्याशी पोरींविषयी बोले. कोण डाव्या हाताने बरी, कोणाला ओरडलेले चालत नाही. 'वाढ' हा शब्द आरजूचा नव्हताच. मी बोर्डाखाली उभा राहून शिकवीत असताना मनकर्णा माझ्या मागे, पायरीवरून, हाताने वाढल्याची खूण करी आणि मुली चेंडू सोडत. कित्येक वर्षे. आरजू स्वतः तशीच शिकली.

"मी तर काकूंचंच शिकवते, सर," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत असंल असं वाटायचं."

पंचांनी हाफिजाला खेळू दिले. त्यानंतर आमचे जे काही गुण झाले ते तिने केले. सामना हरलो. भाषण खिशातच राहिले.

आरजूचा हेवा वाटावा अशी कारणे माझ्याकडे बरीच होती. शिट्टी, भाकरी, 'ताई', पायरी. आज ती सगळी फिकी पडली. शेवटच्या आठवड्यात मनकर्णा माझ्याशी एवढेच बोलली की गॅस बंद केला का, आणि दूधवाल्याला सांगितले का. माझ्याविषयी जे बोलायचे ते ती हिच्याशी बोलली.

गॅस दर वेळी बंद केलेला होता. तसे तिला सांगितले होते.

२७ जानेवारी, शनिवार

कोर्टावर जाण्याचे काही कारण नव्हते. गेलो.

पश्चिमेकडचे अर्धे रिकामे. आश्रुबाने फाटकातच विचारले, "सर, आज तुमच्याकडं कुणाचा नंबर?" म्हणजे यालाही माहीत होते.

माझा, असे म्हणालो आणि पूर्वेकडे गेलो. पायरीवर बसलो. पायरी अरुंद आणि थंड आहे. तिने इतकी वर्षे सांगितले नाही.

आरजू बोर्डाखाली, मी उभा राहत असे त्याच जागी, माझ्याकडे पाठ करून उभी होती. इथून शिकवणाऱ्याची पाठ तेवढी दिसते. मुलींचे चेहरे मात्र एकूण एक दिसतात. हाफिजा डाव्या हाताने चेंडू घेते. हे मला आज कळले.

आरोहीने चेंडू हातात घेऊन आरजूच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिले आणि थांबली. तिला खूण हवी होती. मला एकही येत नाही. म्हणून मान हलवली. तिने चेंडू फेकला. तो लिंबात अडकला.

सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. आरजूही वळली. आश्रुबा काठी आणायला गेला.

उद्या सकाळच्या एसटीने सगळ्या बीडला. आरजूने विचारले, येणार ना. दुपारचे डबे वाढण्याचे काम माझ्याकडे दिले आहे. एका ताटापुढे फार वेळ थांबू नये, अशी सूचनाही दिली आहे.

सोमवारी पायरीवर तुरीच्या शेंगा नेणे. कुठे मिळतात, ते आरजूला विचारणे.